पहिली क्रूझ आणि तिला जोडून स्वतःचा प्रवास: आखणी जमिनीपासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको आणि साठी ओलांडलेले आई-वडील, असे चौघं पहिल्यांदाच क्रूझला निघणार आहेत. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातली सात रात्रींची क्रूझ मनात आहे आणि तिला जोडून इटलीत आठ-नऊ दिवस, टूर कंपनीशिवाय, आपलं आपण फिरायचं आहे. आधी क्रूझ बुक करावी की विमान? क्रूझ प्रवासाच्या सुरुवातीला ठेवावी की शेवटी? आणि बंदरांवर स्वतः उतरून फिरता येतं, की जहाजाच्याच सहली घ्याव्यात?

अशा जोडप्रवासांची आखणी करणं हेच माझं काम आहे. सगळ्यात पहिला सल्ला मी नेहमी एकच देते: आधी जमिनीवरचा मार्ग ठरवा, मग त्यात बसेल असं जहाज शोधा. बहुतेक जण उलट करतात. जहाजाची सवलत दिसते, पैसे भरले जातात आणि उरलेल्या दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान सगळं कोंबलं जातं. अशा प्रवासात माणसं दमतात आणि दोष क्रूझला देतात.

क्रूझ काय देते हे आधी नीट समजून घ्या. जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने जातं. सकाळी सात-आठला बंदरात लागतं, संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. उतरण्याची रांग, बंदर ते शहर हे अंतर, परत येताना हाताशी ठेवायचा वेळ हे सगळं वजा केलं की शहरासाठी पाच-सहा तास राहतात. म्हणजे आठवड्याभरात पाच-सहा शहरांची ओझरती ओळख होते. सामान न हलवता, रोज नव्या ठिकाणी जाग येणं हे सुख मोठं आहे, आई-वडिलांसाठी तर फारच मोठं. पण शहरातली संध्याकाळ जहाज क्वचितच देतं, आणि देशाचा आतला भाग तर कधीच देत नाही. म्हणून जमिनीवरचे दिवस याच दोन गोष्टींना द्यायचे: मुक्काम आणि आतला प्रदेश. हे एकदा मान्य केलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

क्रूझ आधी की नंतर? पहिल्या खेपेला मोठा जमिनीवरचा प्रवास क्रूझच्या नंतर ठेवा. जहाजाची तारीख आणि वेळ दगडावरची रेघ असते. गाडी चुकली तर पुढची मिळते, हॉटेलला फोन करून उशिरा येतो म्हणता येतं, जहाज मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. आधी आठ दिवस फिरून मग जहाज गाठायचं ठरवलं, तर वाटेतला प्रत्येक रेल्वे संप, प्रत्येक आजारपण थेट क्रूझच्या मुळावर येतं. उलट क्रूझ आधी झाली, तर नंतरच्या गडबडीची किंमत फार तर एका रात्रीच्या हॉटेलाइतकी असते. शिवाय लांबच्या विमानप्रवासाचा शीण आणि घड्याळाचा फरक जहाजावर आपसूक उतरतो. काही अनुभवी प्रवासी क्रूझ मुद्दाम शेवटी ठेवतात, दमून जहाजावर विश्रांती घ्यायची म्हणून. तेही चांगलं आहे, पण तेव्हा निदान शेवटच्या दोन रात्री जहाज सुटण्याच्याच शहरात काढायच्या.

त्या शहरात आधी पोचणं दोन्ही प्रकारांत लागतंच. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी विमानाने उतरायचं, हा धोका कुणीच पत्करू नये. चेक-इन जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं, आणि त्यानंतर तुम्ही धक्क्यावर उभे असलात तरी उपयोग नसतो. पुढच्या बंदरावर जाऊन जहाज गाठू, हेही वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी कंपनीची परवानगी लागते आणि काही देशांत कायदा आडवा येतो. मी दोन रात्री सांगते. एक रात्र उशिरा आलेल्या विमानासाठी, दुसरी मागे राहिलेल्या सामानासाठी. विमानात अडकलेली बॅग दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते. रोज बंदर बदलणाऱ्या जहाजाच्या मागे ती आठवडाभर फिरत राहू शकते.

आता मार्ग. क्रूझ दोन प्रकारच्या असतात: जिथून निघाली तिथेच परत येणारी आणि एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात संपणारी. जमिनीवर पुढे जायचं असेल तर दुसरी उत्तम. बार्सिलोनाला चढून रोमच्या बंदरात उतरलात तर एकही दिवस मागे येण्यात जात नाही. अशा वेळी विमानाचं तिकीट मल्टि-सिटी काढायचं: जाताना बार्सिलोना, परत रोमहून. ते दोन वेगवेगळ्या एकेरी तिकिटांपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. आणखी एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसते. पश्चिम भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा या क्रूझ कंपन्यांची जहाजं आठवड्याचं एकच चक्र फिरत राहतात आणि त्या चक्रातल्या अनेक बंदरांवर प्रवासी चढू-उतरू देतात. म्हणजे तेच जहाज, तेच चक्र, पण कुणी बार्सिलोनाला चढतं, कुणी मार्सेला, कुणी जेनोआला. जाहिरातीत छापलेलंच बंदर घ्यायचं असं बंधन नाही. तुमच्या जमिनीवरच्या मार्गाला जे सोयीचं ते विचारा.

बुकिंगपूर्वी बंदराचं खरं नाव नकाशावर शोधायचं, हे विसरू नका. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज चिवितावेक्कियाला लागतं आणि तिथून रोम सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिवोर्नो, तिथून जवळजवळ नव्वद किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, सुमारे दोनशे. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, दोनशेहून जास्तच. ‘लंडन’ बहुतेकदा साउदॅम्प्टन असतं. व्हेनिसची गोष्ट तर पार बदलली आहे: ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून, जुदेक्का कालव्यातून जाता येत नाही. मोठी जहाजं आता मार्गेराच्या औद्योगिक भागात लागतात किंवा थेट राव्हेन्ना, त्रिएस्त गाठतात. व्हेनिसला उतरू अशा कल्पनेने हॉटेल घेतलं आणि जहाज राव्हेन्नाला लागलं, तर मध्ये दीडशे किलोमीटरचा प्रवास उरतो.

याउलट बार्सिलोना, नेपल्स, माल्टाचं व्हॅलेटा, इस्तंबूल इथं जहाज शहराच्या दारातच लागतं. व्हॅलेटात तर जहाजातून उतरून तटाखालच्या लिफ्टने वर गेलं की तुम्ही बाराक्का बागेत, शहराच्या माथ्यावर. लिफ्टची उंची ५८ मीटर आहे; गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना ती चढण वाचते.

यावरूनच ठरतं की जहाजाची सहल घ्यायची की आपलं आपण जायचं. बंदर शहरात असेल तर स्वतः जा, निर्धास्त. शहर तासाभराहून लांब असेल आणि जायला एकच रेल्वे किंवा एकच रस्ता असेल, तर पहिल्या क्रूझवर जहाजाची सहल घ्या. ती महाग असते, पण त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. जिथं जहाज समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, तिथं वेळेचा हिशोब दुप्पट सैल ठेवा. सांतोरिनी हे त्याचं ठळक उदाहरण: बोटीची रांग, मग जुन्या धक्क्यावरून वर जायला केबल कारची रांग, आणि परतताना पुन्हा तेच, तेही सगळ्या जहाजांचे प्रवासी एकाच वेळी. केबल कार नको तर पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. त्या उतरायला बऱ्या, पण खेचरांच्या वाहतुकीमुळे निसरड्या असतात.

स्वतः फिरताना दोन गोष्टी पाळाच. पहिली, जहाजाची वेळ. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ वेगळं असू शकतं, आणि मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ पकडतो. हाताला साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. परत चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. तुमची स्वतःची वेळ त्याच्याही तासभर आधीची ठरवा. दुसरी, रोज केबिनमध्ये येणारं दिवसाच्या कार्यक्रमाचं पत्रक. त्यावर त्या बंदरातल्या स्थानिक एजंटचं नाव आणि फोन असतो. त्याचा फोटो काढून मगच खाली उतरा. जहाज सुटून गेलंच तर पुढची सगळी मदत त्या एका नंबरवरून सुरू होते.

आता माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. जी शहरं नंतर मुक्कामाला येणार आहेत, ती क्रूझच्या दिवशी बघू नका. फ्लॉरेन्सला पुढे तीन रात्री राहणार असाल, तर लिवोर्नोच्या दिवशी फ्लॉरेन्सला धावायचं कारण काय? जाऊन-येऊन साडेतीन-चार तास, मध्ये गर्दीत कसंबसं एक चर्च, आणि नंतर तेच शहर निवांत बघताना त्याची नवलाई गेलेली. त्याऐवजी लुक्का गाठा. लिवोर्नोच्या मालवाहू गोदीत पायी चालायला बंदी आहे, म्हणून आधी शटल बसने गावात, तिथून स्टेशन, मग पिसाला गाडी बदलून लुक्का. गावाभोवतीचा सोळाव्या-सतराव्या शतकातला तट पूर्ण शाबूत आहे आणि त्याच्या माथ्यावर झाडांच्या रांगांमधला रुंद, सपाट रस्ता आहे. चार किलोमीटरचा तो फेरा आई-वडील बाकांवर बसत बसत करू शकतात किंवा तुम्ही भाड्याच्या सायकलवर. एका बाजूला गावातली अंगणं आणि मनोरे, दुसऱ्या बाजूला डोंगर. चक्रात चिवितावेक्किया मध्येच येत असेल तर तसंच करा: रोम नंतरसाठी राखून जवळच्या तारक्विनियाला जा. एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांनी तिथल्या टेकडीत खोदलेल्या थडग्यांच्या भिंतींवरची चित्रं रोमच्या साम्राज्याहून जुनी आहेत, आणि २००४पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

उतरण्याचा दिवस लोकांना सगळ्यात जड जातो, कारण त्याची कुणी तयारीच केलेली नसते. आदल्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये रंग आणि क्रमांकाप्रमाणे मांडलेल्या सापडतात. रात्रीचे कपडे, सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट, चार्जर हे हातातल्या पिशवीत राहिलं पाहिजे. बॅगा स्वतः ओढता येत असतील तर ‘सामान स्वतः नेणार’ असं कळवा, सगळ्यांच्या आधी बाहेर पडता येतं. चढण्याच्या दिवशीही हेच: धक्क्यावर हमालाकडे दिलेली बॅग केबिनमध्ये संध्याकाळीही येऊ शकते, म्हणून औषधं आणि कागदपत्रं तिच्यात टाकायची नाहीत.

उतरण्याच्या दिवशी सकाळची, ठरलेल्या वेळेची महागडी रेल्वेगाडी आधीपासून घेऊन ठेवू नका. इटलीत साध्या प्रादेशिक गाड्यांचं तिकीट आधी काढा किंवा ऐनवेळी, भाडं तेच असतं. म्हणून चिवितावेक्किया ते रोम हा टप्पा अशा गाडीने करा. जहाजाच्या शटलने लार्गो देल्ला पाचे या बंदराच्या बसथांब्यावर, तिथून बसने स्टेशन, आणि जी गाडी मिळेल ती. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्या. शिक्का नसलेल्या तिकिटाला दंड होतो. वेगवान गाड्यांचं मात्र उलटं आहे, त्या जितक्या आधी घ्याल तितक्या स्वस्त, म्हणून त्या पुढच्या दिवसांसाठी ठेवा.

पहिला मुक्काम कुठे? माझं मत ऑर्व्हिएतो. रोमला गाडी बदलून सव्वा तासाचा रस्ता, स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे निघते आणि कड्यावरच्या गावात नेऊन सोडते. आठवडाभर हजारो माणसांच्या जहाजावर राहून आलेल्याला अशी शांतता लागते. तिथली सेंट पॅट्रिकची विहीर जरूर उतरा. १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवे क्लेमेंट या गावात आश्रयाला आले, आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी ती खोदवली. एकमेकांत गुंफलेले दोन वर्तुळाकार जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. पाणी आणायला उतरणारी गाढवं आणि पाणी घेऊन चढणारी गाढवं समोरासमोर येऊच नयेत अशी रचना. आई-वडिलांनी वरून वाकून बघितलं तरी चालेल. तीन रात्री इथे, मग तीन फ्लॉरेन्सला, शेवटच्या तीन रोमला. रोम शेवटी ठेवायचं कारण विमान तिथून आहे. चार दिवसांत चार शहरं असला बेत मी कुणालाही करून देत नाही.

कागदपत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा नडते: व्हिसाच्या प्रवेशांची संख्या. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा, लागणाऱ्यांनी जहाजाचा मार्ग नीट वाचावा. मार्ग ग्रीसच्या बेटांवरून तुर्कस्तानातल्या कुशादासीला किंवा माँटेनेग्रोमधल्या कोटोरला जात असेल, तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडून परत आत येता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथं संपतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकचा प्रश्न उरलेला नाही. आणि जहाजातून उतरणार नाही म्हणून व्हिसा नको, असं गृहीत धरू नका. मार्गावरच्या प्रत्येक देशासाठी काय लागतं हे कंपनीकडून लेखी घ्या, कारण धक्क्यावर अडवणारी तीच असते.

बुकिंगचा क्रम असा: जमिनीचा मार्ग कच्चा ठरवा, मग अनामत भरून क्रूझ, मग व्हिसाच्या मुदतीचा विचार करून विमान, आणि हॉटेलं रद्द करता येतील अशीच. क्रूझचे उरलेले पैसे निघण्याच्या दोन-तीन महिने आधी भरायचे असतात आणि त्यानंतर रद्द केल्यास कापले जाणारे पैसे वाढत जातात. विम्याच्या कागदावर ‘क्रूझ’ हा शब्द स्पष्ट हवा, आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्चही. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

पैशांबाबत एक बारकावा क्रूझ आणि जमीन जोडणाऱ्यांनाच बाधतो. जहाजावर सगळा खर्च कार्डाशी जोडलेल्या खात्यावर पडतो: रोजची टिप, पेयं, वाय-फाय, सहली. डेबिट कार्ड दिलं तर कंपनी अंदाजाने रक्कम अडकवून ठेवते, आणि ती मोकळी व्हायला क्रूझ संपल्यावरही काही दिवस लागतात. नेमके तेच दिवस, जेव्हा तुम्हाला हॉटेलं आणि गाड्यांना पैसे हवे असतात. क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर रोख अनामत ठेवा. फोन जहाज सुटताच फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो, आणि जमिनीवरचं रोमिंग पॅक तिथं सहसा लागू होत नाही.

केबिन पहिल्या वेळी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर घ्या, तिथं हेलकावे कमी जाणवतात. कपडे जमिनीवरच्या प्रवासाच्या हिशोबाने भरा, कारण दगडी गल्ल्यांतून आणि स्टेशनच्या जिन्यांवरून बॅग तुम्हालाच न्यायची आहे. इस्त्री आणि किटली बॅगेत नको, त्या जप्त होतात. क्रूझ संपायच्या दोन दिवस आधी जहाजाच्या लाँड्रीत कपडे टाकले की पुढच्या आठवड्याची सोय होते.

हाच विचार दुसरीकडेही चालतो. अलास्कात तर जहाज आणि जमीन एकमेकांसाठीच आहेत. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीची जहाजं मधे दूरचं परदेशी बंदर न घेता अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी सोडू शकत नाहीत, म्हणून एकेरी फेऱ्या कॅनडातल्या व्हँकूव्हरहून निघून सुअर्ड किंवा व्हिटियरला संपतात. तिथून अलास्का रेलरोडने अँकरेज, देनाली, फेअरबँक्स असं आत जाता येतं. देनाली राष्ट्रीय उद्यानात खाजगी गाडी रस्त्याच्या पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच चालते, पुढे बस. तिथला देनाली पर्वत बरेचदा ढगांत दडलेला असतो, म्हणून तिथं एक रात्र पुरत नाही, तीन ठेवा. नॉर्वेत बर्गेन ते किर्केनेस धावणारी किनारी जहाजं तर मुळात टपाल आणि माल नेण्यासाठी सुरू झाली, १८९३ मध्ये. ती ३४ बंदरांवर थांबतात आणि त्यांचं तिकीट हव्या त्या दोन बंदरांमधलं काढता येतं. पोहण्याचे तलाव, नाचगाणी यांच्यात रस नसलेल्या पहिल्या वेळच्या प्रवाशाला मी ओस्लोहून रेल्वेने बर्गेन आणि तिथून या जहाजाने उत्तरेला, हेच सुचवते.

तुमच्या चौघांचा बेत मी असा मांडेन: सप्टेंबरच्या मध्यावर बार्सिलोनात दोन रात्री, सात रात्री जहाज, ऑर्व्हिएतो, फ्लॉरेन्स, रोम. आधी त्या आठवड्यांतल्या चिवितावेक्कियाला संपणाऱ्या एकेरी फेऱ्या बघा. एकही जुळली नाही तर तिथंच चढून तिथंच उतरता येईल अशी गोलाकार फेरी घ्या. तेव्हा बार्सिलोनाच्या दोन रात्री रोमला द्या आणि विमानाचं तिकीट साधं जाण्या-येण्याचं काढा.